हात, कागद आणि शिसपेन्सिल

हातच्या कांकणास आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. जी वस्तु डोळ्यांसमोर आहे तिला पुरावा नको, असा तिचा अर्थ. परंतु या म्हणीची परीक्षा ज्यास पाहावयाची असेल त्यानें एक कोरा कागद व एक शिसपेन्सिल घ्यावी, डावा हात मेजावर ठेवावा, आणि तो जसा दिसतो तसा काढून पाहावा. दहा मिनिटांच्या आंत त्यास कळून येईल, कीं जन्मापासून जो हात आपण पाहत आलों तो आपण कधीं पाहिलाच नव्हता. बोटें पांच आहेत व त्यांस नखें आहेत, एवढें आपणांस ठाऊक असतें. पण तेवढ्या भांडवलावर कागदावर जें उतरतें तें हाताचें चित्र नसून केळ्यांच्या फणीचें चित्र असतें.

आतां हा हात पाहून काढण्याचा प्रकार आपल्याकडे आला कोठून, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. याविषयीं सुशिक्षित मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, समोरची वस्तु पाहून ती हुबेहूब काढण्याची विद्या इंग्रजांनीं आणली. तोंपर्यंत आपले चितारी डोळे मिटूनच चित्रें काढीत होते. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच विद्येनें आपली कला मारली. हे दोन पक्ष एकमेकांशीं कितीही भांडत असले तरी पाहण्याची संवय जहाजांतून आली, हें दोघांसही मान्य आहे. आमचें मत निराळें आहे. आणि तें बनण्यास पुण्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके बरेचसे कारण झाले आहेत.

प्रथम हाताची रचना थोडी लक्षांत घेऊं. मनगटांत 8, तळव्यांत 5 व बोटांत 14, मिळून एका हातांत 27 हाडें असतात. बोटें हलविणारे स्नायु बोटांत नसून कोपराखालच्या भागांत व तळहातांत आहेत. बोटांत त्यांच्या दोरीसारख्या कंडरा तेवढ्या गेलेल्या असतात. बोटांच्या मुळाचे सांधे एका सरळ रेघेंत नसतात. मधल्या बोटाचा सर्वांत पुढें व करंगळीचा सर्वांत मागें, अशी त्यांची कमान होते. आंगठा तर इतर बोटांच्या पातळींतच बसत नाहीं. हात मेजावर पालथा ठेवला असतां चार बोटांचीं नखें समोरून दिसतात, पण आंगठ्याचें नख कलतें, कडेनें दिसतें. नवशिका मनुष्य हटकून पांचही नखें समोरून काढतो. असें कां होतें? कारण तो हाताकडे पाहत नसून हाताविषयींच्या आपल्या माहितीकडे पाहत असतो. माहिती बाजूस सारून पाहणें ही या कलेंतील पहिली पायरी होय, आणि बहुतेकांस तीच शेवटपर्यंत चढवत नाहीं.

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. तेथें भूतलेणें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्याच्या दर्शनी भागावर, चैत्यकमानीच्या आंत, उमललेल्या कमळाच्या अर्ध्या वर्तुळासारखी रचना कोरलेली आहे. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंस हत्ती आहेत, आणि त्यांच्या पलीकडच्या पाकळ्यांत हात जोडून उभीं असलेलीं स्त्रीपुरुषें आहेत. हा दर्शनी भाग चंद नांवाच्या एका यवनानें दान केला, असें तेथील ब्राह्मी लेखांत म्हटलें आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा मनुष्य. या आकृति लहान आहेत व काळानें झिजल्या आहेत. खालून पाहिलें असतां त्यांचीं बोटें निराळीं ओळखूं येत नाहींत. तरीही हे हात जोडलेले आहेत हें समजण्यास क्षणभरही लागत नाहीं. कोपरांचा कोन, खांद्यांची ठेवण, छातीपासून हातांचें अंतर, इतक्या गोष्टी कोरणाऱ्यानें बरोबर साधल्या आहेत. ज्यानें कोणास हात जोडतांना नीट पाहिलें नाहीं त्यास हें साधणार नाहीं. तेव्हां सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं जुन्नरच्या पाथरवटास डोळे होते, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

जुन्नरहून पश्चिमेस कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटांत याच्याही आधींचा एक पुरावा आहे. पण तो फार विलक्षण आहे. तेथील लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति ओळीनें कोरलेल्या होत्या, व प्रत्येक मूर्तीच्या वर तिचें नांव होतें. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा श्रीसातकर्णि, एक महारठी, कांहीं कुमार. नांवें अद्याप वाचतां येतात. कर्नल साइक्स यांनीं 1828 सालीं येथील लेखांच्या नकला केल्या, व पुढें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या पंडितांनीं ते लावले. मूर्ति मात्र नाहीशा झाल्या आहेत. कांहीं ठिकाणीं पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नांव आहे, पाय आहेत, हात नाहींत. आपल्या देशांत अमुक एक मनुष्य म्हणून नांवानिशीं कोरल्या गेलेल्या अतिप्राचीन मूर्तींपैकीं या होत. आणि नागनिकेचा हात कसा होता, तो कोणा राणीचा म्हणून ठरलेल्या घाटाचा होता कीं खरोखर तिचा होता, हें आतां कधींच कळावयाचें नाहीं. या भेदाकडे आम्ही पुढें पुन्हां येणार आहोंत, म्हणून वाचकांनीं तो मनांत ठेवावा.

पाहण्याबरोबर मोजणेंही आपल्याकडे होतें. मूर्तिशास्त्रांत ताल हें मुख्य माप. ताल म्हणजे 12 अंगुळें; चेहऱ्याची लांबी तितकीच, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत हातही तितकाच. आपला तळवा हनुवटीवर टेकवून बोटें कपाळाकडे नेलीं तर हें माप फारसें चुकीचें नाहीं, हें कोणासही पडताळतां येईल. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत याची फोड दिली आहे. तळहात 7 अंगुळें लांब, मधलें बोट 5 अंगुळें, तर्जनी त्याहून मधल्या पेराच्या अर्ध्यानें कमी, अनामिका तर्जनीइतकीच, करंगळी एका पेरानें आखूड. आतां यांत एक गंमत आहे. हाच हात पालथा करून पाठीकडून मोजला तर मधलें बोट मुळाच्या सांध्यापासून सगळ्या हाताच्या जवळजवळ निम्में भरतें. मग वराहमिहिराचें गणित चुकलें काय? मुळींच नाहीं. तळव्याच्या बाजूस बोटांमधील कातडें सांध्याच्या बरेंच पुढें आलेलें असतें. म्हणून तिकडून तळवा लांब व बोटें आखूड दिसतात. ग्रंथकारानें तळव्याच्या बाजूनें मोजलें आहे, व त्या बाजूनें बरोबर मोजलें आहे. ज्यानें हात उलटसुलट करून पाहिला नाहीं त्यास हा फरक कळत नाहीं. आणि आजही पालथा हात काढतांना पुष्कळ विद्यार्थी तळव्याचीं मापें घालून फसतात.

एवढेंच नव्हे, तर विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रांत देहाच्या नऊ स्थितींचा विचार आहे, आणि अंग वळलें असतां एक बाजू कमी व दुसरी अधिक कशी दिसते याला क्षयवृद्धि असें नांव दिलें आहे. छायेचाही विचार आहे. तिला तेथें वर्तना म्हणतात, व ती रेघांनीं, ठिपक्यांनीं अशी तीन प्रकारांनीं करावी असें सांगितलें आहे. पेन्सिलीनें छाया भरणारा आजचा विद्यार्थी याहून निराळें काय करतो? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीनें नीलकमळ ज्या हळुवारपणानें धरलें आहे तो हळुवारपणा पाहिल्यावर आपल्या चित्रकारांस हात काढतां येत नव्हता असें म्हणण्याचें धाडस कोणासही होऊं नये.

तर मग इंग्रजांबरोबर नवें असें आलें तरी काय? आमच्या मतें तीन गोष्टी आल्या, आणि त्यांपैकीं पहिल्या दोन अगदीं साध्या, बाजारांत मिळणाऱ्या आहेत. त्या म्हणजे खरखरीत कागद व शिसपेन्सिल.

कागदाविषयीं जुन्नरकरांस अधिक सांगणें नको. तेथील कागदी लोक हातानें कागद करीत, व जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत नांवाजलेला होता. जुनीं गोणपाटें, दोर, चिंध्या कुजवून व कुटून लगदा करावयाचा, चौकटीवर तो उचलून ताव काढावयाचा, वाळल्यावर खळ लावावयाची, आणि मग गुळगुळीत दगडानें घोटून घोटून त्यास तकाकी आणावयाची. ही घोटाई कशासाठीं? बोरूसाठीं. बोरूचें टोंक अडकूं नये, शाई फुटूं नये, मोडीची वळणें झरझर निघावीं, म्हणून कागद कांचेसारखा करीत. शाईही घरचीच, जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरडा मुबलक होतो, आणि हिरडा व हिराकस यांच्या योगानें काळी शाई होते हें आपल्या लेखकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. असा कागद व अशी शाई हातीं असलेला मनुष्य स्वाभाविकपणें रेघेचा धनी होतो. एकदां ओढलेली रेघ परत घेतां येत नाहीं. म्हणून ती ओढण्यापूर्वीं मनांत पक्की करावी लागते. मनांत पक्की करावयाची म्हणजे घाट पाठ करावयाचा. अशा घोटलेल्या कागदावर शिसपेन्सिल घांसून पाहा. ती घसरते, काळोखी धरीत नाहीं. तिला कागदास थोडी खर हवी, म्हणजे तिची भुकटी त्या खरेंत अडकते, आणि फिक्यापासून गडदापर्यंत छायेच्या पायऱ्या चढतां येतात.

शिसपेन्सिल हें नांवच मुळीं एका जुन्या चुकीचें स्मारक आहे. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यांत बॉरोडेल येथें एक काळा, मऊ, कागदावर उमटणारा खनिज पदार्थ सांपडला. लोकांस तो शिशाचा प्रकार वाटला. 1779 सालीं शील नांवाच्या रसायनवेत्त्यानें तो शिसें नसून कोळशाच्या जातीचा आहे हें दाखविलें, व 1789 सालीं वेर्नर यानें लिहिणें या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्यास ग्राफाइट असें नांव दिलें. चूक सुधारली, पण नांव राहिलें. आपणही तें शिशासकट उचललें. पुढें इंग्लंड-फ्रान्सच्या युद्धांत फ्रान्सला हा इंग्लिश माल मिळेना. तेव्हां काँते यानें ग्राफाइटची पूड व चिकणमाती एकत्र मळून भट्टींत भाजून पेन्सिली करण्याची युक्ति काढली, व 1795 सालीं तिचें पेटंट घेतलें. माती अधिक तर पेन्सिल कठीण व फिकी. ग्राफाइट अधिक तर ती मऊ व काळी. आज मुलांच्या कंपासपेटींत एच् व बी या अक्षरांच्या ज्या पेन्सिली असतात त्यांचा जन्म असा एका युद्धांतून झाला. या पेन्सिलीचा मोठा गुण असा, कीं तिची रेघ पुसतां येते. चुकावें, पाहावें, पुसावें, पुन्हां काढावें, ही मुभा बोरूनें कधीं दिली नव्हती. पाठ केलेला घाट सोडून समोरच्या वस्तूकडे वळण्याचें धैर्य ज्या साधनानें दिलें तें हें.

तिसरी गोष्ट साधनाची नव्हे, हेतूची आहे. आणि तिचा आरंभ पुण्यासच झाला. सर चार्ल्स मॅलेट हा 1786 पासून 1797 पर्यंत पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पदरीं गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा एक चित्रकार काम करीत असे. 1790 सालीं गंगारामानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला तो 1792 सालीं. म्हणजे गोरा गुरु येण्यापूर्वींच आपल्या तांबटानें जनावरासमोर बसून त्याच्या कातड्याच्या घड्या टिपल्या होत्या. याच सुमारास मॅलेटच्या खटपटीनें व सवाई माधवरावांच्या संमतीनें शनवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा निघाली, आणि तेथें वेल्सच्या हाताखालीं जे तयार झाले त्यांत गंगाराम हा अग्रेसर होय. त्यानें मॅलेटसाठीं वेरुळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. 1795 सालच्या मार्चांत खर्ड्याचा विजय झाला, ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरांत ठाण्याकडे वेल्स मरण पावला. शाळा पुढें टिकली नाहीं. 1803 सालीं टॉमस डॅनियलनें वेरुळचा चित्रसंग्रह लंडनास प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे, गंगारामाचें नाहीं. गंगारामाचीं पुष्कळ चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहांत आहेत. काँतेनें पेन्सिलीचें पेटंट घेतलें तें साल आणि पुण्याची चित्रशाळा पोरकी झाली तें साल एकच, हा केवळ योगायोग. पण मनास लागणारा आहे.

गंगारामाच्या गेंड्यांत नवें तें काय? हा गेंडा म्हणजे गेंड्यांचा नमुना नव्हे. तो पुण्याचा, पेशव्यांच्या शिकारखान्यांतला, त्या सालचा एक गेंडा आहे. वराहमिहिरानें मोजला तो उत्तम हात. अजिंठ्याच्या चित्रकारानें काढला तो देवाचा हात. शास्त्राला कोणत्याही हाताचें सार पाहिजे असतें. मोगल दरबारच्या चिताऱ्यांनीं चेहरे एकेका माणसाचे ओळखूं येतील असे काढले, पण फूल धरलेला हात बहुधा ठरीव घाटाचाच ठेवला. हा अमुक माणसाचा हात, त्याच्या कामानें घडलेला, त्याच्या वयानें वाकलेला, तसाच कागदावर यावा, हा हेतु नवा होता. पाहणें नवें नव्हतें. कोणाकडे पाहावयाचें हें नवें होतें.

आतां ज्या संस्थेनें हें शिकवावयाचें तिनें काय केलें तें पाहूं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनीं 1853 सालीं एक लक्ष रुपये देऊं केले, आणि 1857 च्या मार्चांत मुंबईस त्यांच्या नांवाच्या कलाशाळेचे वर्ग भरूं लागले. तेथील शिक्षणक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीचा होता. विद्यार्थ्यानें आधीं छापील नमुन्यांवरून रेघा गिरवावयाच्या, मग प्लॅस्टरच्या ठशांवरून छाया भरावयाची. त्या ठशांत ग्रीक-रोमन देवतांचे हातपाय असत. म्हणजे मानमोडीच्या यवनानें दान केलेल्या हातांपासून अठराशें वर्षांनीं आपण पुन्हां यवनांच्या हातांपाशीं आलों; फरक इतकाच, कीं तेव्हां हात आपले होते व दान यवनाचें होतें. शाळेंत चांगलें काम झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. जॉन ग्रिफिथ्स यांनीं 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळ 1885 च्या आगींत लंडनास जळाल्या, तरी 1896-97 सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथानें आपल्याच भिंतींवरील हात आपणांस दाखविले. परंतु जिवंत माणूस समोर बसवून रीतसर अभ्यास करण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत 1919 सालीं निघाला. शाळा निघाल्यापासून यास बासष्ट वर्षें लागलीं! जी विद्या इंग्रजांनीं आणली म्हणून आपण म्हणतों ती त्यांच्या शाळेच्या दारांत दोन पिढ्या तिष्ठत उभी होती.

ती आंत आल्यावर काय होऊं शकतें याचें उदाहरण म्हणून सांवळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें एक चित्र पुरे आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत तें ठेवलेलें आहे. ग्लो ऑफ होप या इंग्रजी नांवानें तें प्रसिद्ध आहे. एक मुलगी समई घेऊन उभी आहे, व ज्योत विझूं नये म्हणून तिनें दुसरा हात आड धरला आहे. उजेड त्या बोटांतून झिरपतो व बोटांच्या कडा लाल होतात. हळदणकरांनीं यासाठीं स्वतःच्या मुलीलाच उभें केलें होतें, आणि चित्र 1940 नंतरच्या दशकांतलें, जलरंगांतलें आहे. दिव्याआड धरलेला हात कोणीं पाहिलेला नाहीं? सगळ्यांनीं पाहिला आहे. काढला मात्र त्यांनीं.

शाळाशाळांतून मात्र सॉलोमनांचा वर्ग पोंचला नाहीं. पोंचले ते छापील नमुनेच. येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती क्षुल्लक आहे, पण तिच्यामुळेंच हा विषय आमच्या मनांत राहिला.

आमचें आजोळ आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांत. ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यांत गेलें. आमच्या लहानपणीं तें नांदतें होतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही तिकडे जात असूं. ते दिवस बाळहिरड्याचे. आजी सकाळीं इतर बायकांबरोबर रानांत जाई व हिरडा गोळा करून आणून अंगणांत वाळत घाली. तिचीं बोटें त्या रसानें काळीं पडलेलीं असत, आणि उजव्या हाताची तर्जनी पूर्वीं कधींतरी दगडाखालीं सांपडून मधल्या पेराशीं वांकडी झाली होती. एके दुपारीं ती ओसरीवर हात गुडघ्यावर टाकून बसली असतां आम्हीं वही काढली. तिनें विचारलें, “काय करतोस रं?” हात काढतों म्हणतांच ती हंसली. “आरं, हात कसला काढतूस? देवाचं चित्र काढ की.” पण तिनें हात हलविला नाहीं. चांगला तासभर आम्ही तो काढीत होतों. वांकडें पेर आधीं सरळच निघे. आमचा हातच तसा वळे. चारदां पुसून पांचव्यांदा तें जसें होतें तसें उतरलें, त्या वेळीं झालेला आनंद अद्याप आठवतो.

शाळा उघडल्यावर एका स्पर्धेसाठीं चित्र द्यावयाचें होतें. ड्रॉइंगच्या मास्तरांस आम्हीं तें दाखविलें. माणूस मायाळू होता. विद्यार्थ्यांस बक्षिसें मिळावींत हीच त्यांची इच्छा. त्यांनीं चित्र पाहिलें व म्हणाले, “अरे, छाया छान भरलीस, पण हें बोट चुकलें. परीक्षकांस वाटेल, तुला बोट काढतांच येत नाहीं.” असें म्हणून त्यांनीं रबर घेतलें, तर्जनी पुसली, आणि कपाटांतील नमुन्याच्या पुस्तकांतील हातासारखी सरळ, निमुळती काढून दिली. बोटांवरील काळे डागही त्यांनीं फिके केले. तें बोट तसेंच आहे, हें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. चित्रास बक्षीस मिळालें. आजीस तें दाखविलें तेव्हां तिनें बराच वेळ तें निरखलें, व वही परत देतांना एवढेंच म्हणाली, “ग्वाड हाय. कुणाचा हात हाय ह्यो?”

आजी जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. तिचा फोटो एकच आहे. त्यांत हात पदराखालीं आहेत.

मास्तरांस दोष द्यावा असें आमच्या मनांत नाहीं. त्यांस जें शिकविलें तें त्यांनीं शिकविलें. परंतु या गोष्टीवरून वरील दोन्ही पक्षांचा वाद कसा पोकळ आहे हें दिसून येईल. इंग्रजी पद्धतीनें शिकलेले मास्तर होते, पेन्सिल व कागद विलायती तऱ्हेचे होते, छाया एका बाजूनें येणाऱ्या उजेडाची होती. आणि तरीही समोरची वस्तु पाहून काढण्यास तेथें मज्जाव होता. एका शास्त्राचा उत्तम हात जाऊन दुसऱ्या शास्त्राचा उत्तम हात आला होता, इतकेंच. आणि पहिल्या शास्त्राच्या हातास निदान देवाची सेवा तरी ठाऊक होती. या दुसऱ्या हातानें कधीं हिरडा उचलला नव्हता. पाहण्याचा शत्रु देशी किंवा विलायती नसतो. पाठ केलेला नमुना हा त्याचा शत्रु, मग तो कोणत्याही देशाचा असो.

यास कोणी असें म्हणेल, कीं आतां यंत्रांनीं क्षणांत फोटो निघतो, मग एवढी यातायात कशाला? फोटो अवश्य काढावे. परंतु फोटो काढणारा हाताकडे एक क्षण पाहतो, चित्र काढणारा तासभर पाहतो. तासभर कोणाच्या हाताकडे पाहिल्यावर त्या माणसाविषयीं आपणांस जें कळतें तें दुसऱ्या कशानेंही कळत नाहीं. कोणतें बोट अधिक राबलें, कोठें घट्टा पडला, बांगडी वर्षानुवर्षें कोठें घासली, हें सगळें तेथें लिहिलेलें असतें. घरांत आजी-आजोबा असतील तर मुलांस एक बरी पेन्सिल व थोडा खरखरीत कागद द्यावा, आणि त्यांचा हात काढण्यास सांगावें. चित्र चांगलें झालें नाहीं तरी चालेल. बोटांच्या मधल्या जागा आधीं पाहाव्या. बोटें काढण्यापेक्षां त्या जागा काढणें सोपें जातें व अधिक खरें उतरतें. उजेड एका बाजूनें यावा. कोठें काय चमकतें तेवढा कागद कोरा ठेवावा. आणि वडील माणसांनीं, शिक्षकांनीं, एवढी एक कृपा करावी, कीं मुलाच्या हातून वांकडें उतरलेलें बोट सरळ करण्यापूर्वीं तें मुळांत वांकडें नाहीं ना, हें एकदां पाहून घ्यावें.

आमची ती वही अद्याप आहे. मध्यंतरीं एका संध्याकाळीं खिडकीपाशीं ती चाळीत असतां उन्हाची तिरीप कागदावर आडवी पडली, आणि सरळ बोटाच्या शेजारीं कागदांत रुतलेली एक खांच दिसली. लहानपणीं आम्ही पेन्सिल फार दाबून धरीत असूं. रबरानें काळेपणा गेला, पण खांच राहिली. ती मधल्या पेराशीं वांकलेली आहे.